पाय आपले, सडक गावाची

व्यायाम न करणाऱ्या माणसाला आळशी ठरवलं की आपलं काम संपतं. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. घरचे सांगतात, जरा मनावर घ्या. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जो तो संकल्प करतो आणि संक्रांत उलटायच्या आत तो मोडतो. मग दोष पुन्हा त्या माणसाच्याच माथी, कारण व्यायाम हा ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीचा मामला आहे असं आपण धरूनच चालतो. मला हे पटत नाही. पहाटे कोण उठणार, कोण चालणार, कोण धावणार आणि कोण दारातच बसून राहणार, यातलं बरंचसं गाव आधीच ठरवून ठेवतं. गावाची सडक, मैदान, उजेड, सोबत आणि गावाची नजर या गोष्टी माणसाच्या मनाला बळ देतात किंवा त्याचा हुरूप मारून टाकतात. म्हणून व्यायामाचा प्रश्न घराइतकाच ग्रामसभेत आणि नगरपंचायतीतही बोलला गेला पाहिजे.

हे मी उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारखं गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. एका अंगाला पैनगंगा अभयारण्याच्या कडेची खेडी, ज्यांना आमच्याकडे बंदी भाग म्हणतात. दुसऱ्या अंगाला नदीपलीकडे नांदेड जिल्हा. आसपासच्या खेड्यांतले आणि तांड्यांवरचे लोक बाजारहाटाला, शाळा-कॉलेजला, दवाखान्याला इथे येतात. कापूस, सोयाबीन, तूर, हळद हा इथला संसार. अशा गावात व्यायामाची गोष्ट काढली की पहिला सवाल ठरलेला: 'दिवसभर वावरात राबणाऱ्याला व्यायाम कशाले पाहिजे?'

हा सवाल उडवून लावण्यासारखा नाही. ज्या बाईने सकाळपासून वाकून कापूस वेचला, डोक्यावर गाठोडं आणलं आणि घरी येऊन भाकरी थापल्या, तिला आणखी चालायला सांगणं हा अन्याय वाटतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे राबणं आता पूर्वीसारखं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. वखरणी-पेरणी ट्रॅक्टरवर गेली, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली, वावरात जायला मोटारसायकल आली. दुकानदार, शिक्षक, बँकेतला कारकून, कॉलेजातली पोरं यांचे दिवस तर बसूनच जातात. महाराष्ट्रासह देशातल्या चार भागांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरात ६५ टक्के आणि खेड्यातही ५० टक्के लोक शरीराला पुरेशी हालचाल देत नव्हते. स्वतःच्या आनंदासाठी खेळणारे, धावणारे, व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. खेड्यातला माणूस आपोआप धडधाकट असतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कष्ट आणि व्यायाम शरीराला एकाच तऱ्हेने लागत नाहीत. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की मोकळ्या वेळात केलेल्या व्यायामाने हृदयाला जो लाभ होतो, तो पोटासाठी केलेल्या अवजड कामातून मिळेलच असं नाही. मजुराला आपल्या कामाचा वेग ठरवता येत नाही, थकल्यावर थांबता येत नाही, तासन्‌तास एकाच अंगाने वाकून राहावं लागतं आणि शरीर सावरायला उसंत मिळत नाही. वेचणी करणाऱ्या बाईची कंबर हे कुठल्याही शास्त्रज्ञाच्या आधी जाणते. तिला आणखी कष्टांची गरज नाही. तिला गरज आहे ताठ उभं राहून, हात मोकळे सोडून, कुणाच्या हुकमाशिवाय चालण्याची. ती मोकळीक तिला तिच्या एकटीच्या मनोबलावर मिळत नाही.

आता याच भागातलं उलट चित्र पाहा. भरतीचे दिवस जवळ आले की गावाबाहेरच्या सडकेवर पहाटे पाचलाच पोरं हजर असतात. कुणी जुन्या बुटांत, कुणी अनवाणी. किलोमीटरच्या दगडापासून धाव सुरू होते. एक जण मोबाइलवर वेळ लावून ओरडून सांगतो, मागे पडलेल्याला पुढचा हाक मारतो. मग पडीत वावरात गोळाफेक. पोलीस भरतीत मुलांना ७.२६० किलोचा गोळा, मुलींना ४ किलोचा. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, त्यातल्या एकेका गुणासाठी वर्षभर घाम गाळला जातो. या पोरांना कुणी आळशी म्हणत नाही. पण ती काही वेगळ्या मातीची घडलेली नाहीत. भरतीचा विचार मनात येण्याआधी हीच पोरं पानठेल्यावर तासन्‌तास बसलेली असायची.

त्यांना पहाटे उठवणाऱ्या गोष्टी मोजता येतात. हेतू स्पष्ट आहे, नोकरी. वेळ ठरलेली आहे. जागा ठरलेली आहे. बरोबरीचे सवंगडी आहेत, एखादा आला नाही तर दुसऱ्या दिवशी जाब विचारणारे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावाची संमती आहे. धावणारा पोरगा दिसला की म्हातारे म्हणतात, 'भरतीची तयारी करून राहिला बरं.' आई त्याच्यासाठी रात्रीच हरभरे भिजत घालते. एका पोराच्या धावण्यामागे अख्खं घर आणि अर्धं गाव उभं असतं.

म्हणूनच पुढे काय होतं ते अधिक बोलकं आहे. निवड झाली की पोरगा गाव सोडतो. निवड झाली नाही आणि वयाची अट संपली, की त्याच महिन्यात धावणं थांबतं. शरीर तेच, सडक तीच, इच्छाही पूर्ण मेलेली नसते. पण आता धावताना दिसला तर लोक विचारतात, 'आता कशाले धावतं बे?' जो हेतू गावाला पटत होता तो संपला आणि स्वतःच्या तब्येतीसाठी धावणं हा हेतू गावाच्या कोष्टकात बसत नाही. तिशीतल्या या तरुणाचं पोट पुढच्या पाच वर्षांत सुटतं. यात त्याच्या मनाचा दुबळेपणा शोधणं सोपं आहे. मला मात्र यात गावाने काढून घेतलेली परवानगी दिसते.

बायांना तर ही परवानगी मुळात मिळालेलीच नसते. 'द लान्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं, स्त्रियांमध्ये ५७ टक्के. देशातल्या बाया पुरुषांपेक्षा आळशी आहेत, असं म्हणण्याची कुणाची छाती होईल? मग हा फरक आला कुठून? सूनबाई पायांत बूट घालून सडकेने एकटी निघाली, तर चार घरांतून हाक येईल: 'कुठं चालली वं? काही झालं का?' बाईच्या घराबाहेर पडण्याला कारण लागतं. पाणी, सरपण, वावर, बाजार, दवाखाना, देऊळ ही कारणं चालतात. नुसतं चालणं हे कारण चालत नाही. त्यात अंधार, भरधाव ट्रॅक्टर, मोकाट कुत्री आणि टवाळ नजरा. अशा वेळी डॉक्टरांचा अर्ध्या तासाचा सल्ला चिठ्ठीवरच राहतो. मधुमेहाच्या गोळ्या मात्र नेमाने सुरू होतात.

आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट उमगली होती. त्यांनी अंग हलवण्याचं काम एकट्यादुकट्यावर सोडलं नाही, ते समाजाच्या रीतीत गुंफलं. तांड्यावर तीज येते तेव्हा मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि पुढचे दिवस फेर धरून नाचतात. तेव्हा कुणी विचारत नाही की तरण्या पोरी एवढ्या का नाचतात. आंध आणि गोंड वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. श्रावणातली मंगळागौर, फुगडी, झिम्मा हे सासुरवाशिणींना एका रात्रीपुरतं का होईना, अंग मोकळं करायला समाजाने दिलेलं अंगण होतं. वारीत साठीची बाई रोज पंधरा-वीस किलोमीटर चालते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सुमारे ७०० किलोमीटर पायी चालून पंढरपूर गाठते. त्या दिंडीतल्या म्हाताऱ्याला घरी असताना विहिरीपर्यंत जायचाही कंटाळा येत असेल. दिंडीत त्याला पाय उचलायला लावणारी भक्ती असते, तसा टाळाचा ठेकाही असतो आणि शेजारी चालणाऱ्याचा खांदाही असतो.

विदर्भात तर या विचाराला दोन मोठे आधार मिळाले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. गल्लीतल्या आखाड्यापासून निघालेल्या या कामाने १९३६ मध्ये थेट बर्लिन गाठलं. तिथल्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने मंडळाच्या चमूने मल्लखांब, लेझीम आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पारतंत्र्याच्या काळात व्यायामाला देशकार्याचा अर्थ मिळाला होता, म्हणून पोरं मैदानावर येत होती. दुसरा आधार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. त्यांनी गावाच्या सुधारणेचं जे शास्त्र 'ग्रामगीते'त मांडलं, त्याचा पायाच 'सामुदायिक' हा आहे. प्रार्थना सामुदायिक, सफाई सामुदायिक, आणि रामधूनही. गुरुदेव सेवा मंडळाचे लोक भल्या पहाटे भजन म्हणत गावातून फिरतात, तेव्हा प्रत्येक आळीतून दोन-चार माणसं त्या फेरीत मिसळतात. त्या फेरीत चालणाऱ्याला कुणी 'काही झालं का' विचारत नाही.

या रीती निर्मळ होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. तालीम पुरुषांची होती, आणि कितीतरी गावांत ती ठरावीक जातींच्या पोरांचीच होती. मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात गावकुसाबाहेरच्या पोराला सहज प्रवेश नव्हता. समाज जसा माणसाला उचलून धरतो तसा तो त्याला दाराबाहेरही ठेवतो. म्हणून जुन्या रीती जशाच्या तशा परत आणा, असं माझं म्हणणं नाही. त्यांतलं वर्म उचलायचं आहे: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सोबत आणि सर्वमान्य कारण. दार मात्र सगळ्यांना उघडं ठेवायचं आहे.

जगभरचं संशोधनही याच वर्माकडे बोट दाखवतं. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची नोकरी एकाच संस्थेत, राहणीही मिळतीजुळती. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढउतार करणारा. हृदयविकार चालकांमध्ये लक्षणीय जास्त निघाला. वाहकांनी व्यायामाचा कोणताही संकल्प केला नव्हता, बसच्या जिन्याने त्यांच्याकडून तो करून घेतला. त्याआधी १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी दाखवून दिलं होतं, की सायकलस्वार एकटा असताना जितका वेग धरतो त्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीत जास्त धरतो. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर केलेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की तितकेच कष्ट एका लयीत सगळ्यांनी मिळून केले तर वेदना सोसण्याची ताकद वाढते. लेझीम आणि टाळ ज्याच्या हाती आहे त्याला हे नव्याने शिकवायला नको.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चेन्नईचं उदाहरण. तिथल्या एका मध्यमवर्गीय वसाहतीत डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाची पाहणी केली आणि लोकांना हालचालीचं महत्त्व समजावून सांगितलं. लोकांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. त्यांनी आपसांत वर्गणी काढली आणि वसाहतीत चालायला एक बाग तयार केली. सुरुवातीला आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणारे १४.२ टक्के होते, सात वर्षांनी ते ५८.७ टक्के झाले. माणसं तीच होती. बदलली ती जागा आणि त्या जागेशी त्यांचं नातं. बाग दुसऱ्या कुणी आणून ठेवली नव्हती, ती त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या बैठकांतून उभी राहिली होती.

इथेच आपल्या योजनांचं घोडं पेंड खातं. निधी येतो, मोकळ्या जागेवर खुल्या व्यायामशाळेची लोखंडी यंत्रं बसतात, फीत कापली जाते. दोन पावसाळ्यांत पॅडल निखळतं, भोवती काँग्रेस गवत वाढतं, आणि त्या यंत्रांचा उपयोग लहान पोरांना झोके घ्यायला होतो. लोखंड आलं, पण वेळ ठरली नाही, सोबत जमली नाही, देखभालीचा वाली ठरला नाही. जागा आहे आणि समाज नाही. दुसरीकडे भरतीच्या पोरांकडे समाज आहे आणि जागा नाही, म्हणून ती जीव मुठीत धरून डांबरी सडकेवर धावतात. या दोन अर्ध्या गोष्टी एकत्र आणणं हेच खरं काम आहे.

असं एकत्र येणं आपल्या लोकांना जमतं का, या शंकेला महाराष्ट्रानेच उत्तर दिलं आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, आणि पुढच्या वर्षांत ती किती तरी तालुक्यांत पसरली. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस गावंच्या गावं पावसाचं पाणी अडवणारे चर खोदायला बाहेर पडली. ज्यांनी वर्षानुवर्षं कुदळ हाती धरली नव्हती असे शिक्षक, दुकानदार, शहरात नोकरीला गेलेली पोरं रात्रीच्या गारव्यात घमेली उचलू लागली. बाया पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या आणि त्यांना कुणी अडवलं नाही, कारण काम गावाचं होतं. त्या पंचेचाळीस दिवसांत कुणाचा स्वभाव बदलला नव्हता. भोवतालचं वातावरण बदललं होतं, आणि तेवढ्याने अंगात बळ आलं.

यावर कुणी म्हणेल, सगळं गावावर ढकललं तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? प्रतिकूल गावातूनही जिद्दीने पुढे आलेले लोक आहेतच की! आहेत, आणि त्यांच्या जिद्दीला माझा मुजरा आहे. पण अविनाश साबळेची गोष्ट नीट पाहू. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा लहानपणी शाळेत जाण्यासाठी रोज कित्येक किलोमीटर ये-जा करत होता. पाय तेव्हाही तेच होते. पण तो स्पर्धेतला धावपटू झाला तो बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर. तिथे मैदान होतं, प्रशिक्षक होता, धावणाऱ्यांची सोबत होती, धावणं हेच मानाचं काम होतं. पुढे त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. त्याची जिद्द खरी आहे आणि त्या जिद्दीला रुजायला मिळालेली जमीनही तेवढीच खरी आहे. ज्यांना अशी जमीन मिळाली नाही, अशा किती पोरांचे पाय बांधावरच थांबले असतील, त्यांची नोंद कोण ठेवणार?

माणसाची जबाबदारी मी नाकारत नाही. अंथरुणातून उठायचं आपल्यालाच असतं. पण जबाबदारीचं ओझं त्याच्या खांद्यावर ठेवताना वाट तरी मोकळी करून द्यावी. ढाणकीसारख्या गावात यासाठी फार मोठ्या पैशाची गरज नाही. शाळेचं मैदान पहाटे दोन तास आणि सायंकाळी एक तास गावाला उघडं राहावं. गावाबाहेरच्या एखाद्या सडकेच्या दोन किलोमीटरच्या टप्प्याला दिवे लागावेत आणि पहाटेच्या वेळी तिथून वाहनं सावकाश जावीत. बायांसाठी वेगळी वेळ ठरावी, आणि बचत गटांनी ती वेळ आपली मानावी. आठवड्याची बैठक जशी चुकत नाही तशीच फेरीही चुकणार नाही. दहा जणी बरोबर निघाल्या की अकरावीला कारण सांगावं लागत नाही. ज्यांची भरतीची संधी हुकली त्या पोरांना घामाची आणि घड्याळाची जाण आहे. त्यांना गावाने धाकट्यांचे उस्ताद करावं. वयाची अट संपल्यावरही त्यांना मैदानावर मान राहील. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलावं. वेचणी आणि हळद काढणीच्या दिवसांत मजूर बायांवर व्यायामाची सक्ती नको. त्यांना उसंत आणि कंबर सैल करणारे दोन ताण पुरेत. गणेश मंडळांनी आणि गुरुदेव सेवा मंडळाने यात पुढाकार घेतला, तर गाव जमवण्याची त्यांची कला वर्षभर कामी येईल. आणि या मैदानात कुठल्या आळीचा, कुठल्या जातीचा, हे विचारायची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद असावी.

देशात आज १० कोटींहून अधिक लोक मधुमेहासह जगत आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आजार शहराची वेस ओलांडून तालुक्यात आणि तालुक्यातून गावात आला आहे. त्याच्याशी एकेका माणसाने आपापल्या घरात, आपापल्या संकल्पाच्या जोरावर लढावं, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे पूर आल्यावर प्रत्येकाला आपापला बांध घालायला सांगणं आहे. ग्रामसभेत पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा ठराव येतो, तसा चालण्याच्या वाटेचा आणि मैदानाचा ठरावही यायला हवा. तो मांडणारी पहिली व्यक्ती कुणीही असेल: निवड हुकलेला एखादा पोरगा, बचत गटाची अध्यक्ष किंवा शुगर वाढलेला एखादा मास्तर. आपण त्याला अनुमोदन द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या सोबतीला हजर राहावं.